नेमोला सोडा, पण खलनायक हवाच

दुष्ट शास्त्रज्ञ हे पात्र विज्ञानकथेच्या बाल्यावस्थेतलं. त्याने विज्ञानाची नाहक बदनामी केली आणि मराठी विज्ञानकथेने त्याला दारातच अडवलं हे बरं झालं, असं पुण्यातली बरीच वाचणारी मंडळी ठामपणे सांगतात. दाखला म्हणून ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो पुढे केला जातो. पाणबुडी बांधली, माणसांशी वैर धरलं, जहाजं बुडवली. आणखी काय हवं? भा. रा. भागवतांच्या कृपेने व्हर्न आपल्याकडे शाळेच्या वयातच वाचला जातो, त्यामुळे नेमो सगळ्यांच्या ओळखीचा. ही ओळख बहुधा नेमोच्या पहिल्या कादंबरीपाशीच थांबलेली असते.

१८६९-७० च्या त्या कादंबरीत नेमो मूळचा कुठला हे व्हर्न सांगतच नाही. त्याच्या मनात पोलंडचा उमराव होता. रशियन वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक हेत्झेलने मोडता घातला. उत्तर आलं १८७४-७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, सत्तावन्नच्या उठावातला पुढारी. बायको-मुलं गेलेली, डोक्यावर इनाम लागलेलं. हे कळल्यावर नॉटिलस या त्याच्या पाणबुडीच्या बांधणीचं प्रकरण पुन्हा वाचावं. कणा फ्रान्समधून, पत्रे लिव्हरपूलहून, पंखा ग्लासगोहून, इंजिन जर्मनीत क्रुपकडून. दर ऑर्डरला नाव वेगळं, म्हणजे अख्खा नकाशा कुणाच्याच हाती लागू नये. जुळणी निर्जन बेटावर, आणि काम आटोपल्यावर तिथल्या खुणासुद्धा जाळलेल्या. यात वेडसरपणा शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावा. मला पाठलाग चुकवणारा माणूस दिसतो. सिलोनच्या समुद्रात शार्कच्या तावडीतून वाचवलेल्या मोती काढणाऱ्या गरिबाच्या हातात तो मोत्यांची पिशवी ठेवतो. युद्धनौका खलाशांसकट बुडवतो तेही खरंच, आणि ते पाप कुठल्याही पूर्वदुःखाने धुतलं जात नाही. पण त्यानंतर बायको-मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देणाऱ्याला खलनायक म्हणायला जीभ रेटत नाही.

मरणशय्येवर नेमो विचारतो, माझं चुकलं का? उत्तर देतो इंजिनिअर सायरस स्मिथ, कादंबरीतला सर्वांत सज्जन आणि विज्ञाननिष्ठ माणूस. गेलेला काळ परत आणायला निघालात, अटळ प्रगतीच्या आड आलात, ही तुमची चूक, असं तो आदराने पण नि:शंकपणे सांगतो. म्हणजे सत्तावन्नचा उठाव चिरडला ती प्रगती! त्या प्रसंगात मला भीती वाटते ती या भल्या माणसाची.

व्हर्नचाच आणखी एक दाखला, आणि तो तर पुण्याच्या अगदी घरचा. १८८० च्या ‘स्टीम हाऊस’मध्ये वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आहे आणि खलनायक आहे दुसऱ्या बाजीरावाचा दत्तकपुत्र नानासाहेब. शेवटी त्याला त्याच हत्तीला बांधलं जातं आणि बॉयलरचा स्फोट होतो. सत्तावन्न तेच, लेखकही तोच. ज्याच्यापाशी प्रयोगशाळा त्याला सहानुभूती, ज्याच्यापाशी नाही त्याला बॉयलर. या कादंबऱ्यांनी विज्ञानाची बदनामी केली म्हणे. अहो, लाड केले लाड!

राहिला एच. जी. वेल्स. त्याचे डॉ. मोरो (१८९६) आणि अदृश्य होणारा ग्रिफिन (१८९७) हे मात्र अस्सल खलनायक, आणि ते निर्माण करणारा वेल्स स्वतः जीवशास्त्रज्ञ हक्सलीचा विद्यार्थी, जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस. त्याला विज्ञानद्वेष्टा कसं ठरवणार? सोललेला कुत्रा प्रयोगशाळेतून निसटतो, बोभाटा होतो आणि मोरो इंग्लंड सोडून बेट गाठतो, कारण तिथे जाब विचारणारं कुणी नाही. ग्रिफिन प्रयोगासाठी बापाला लुबाडतो. पैसा बापाचाही नसतो आणि बाप स्वतःवर गोळी झाडतो. दोघांचं ज्ञान खोटं नाही. हिशेब मागणारा मात्र त्यांना नको आहे.

विरोधकांचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. ज्या शहरात २०१३ साली अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, तिथे विज्ञानाच्या वैऱ्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं? पण ग्रिफिनला अडवायला कुणी बुवा-महाराज येत नाही. त्याची खबर पोलिसांना देतो डॉ. केम्प, स्वतः संशोधक. मोरोचा साक्षीदार प्रेंडिक, तोही जीवशास्त्र शिकलेला. विज्ञानातला दुष्टपणा विज्ञानातल्याच माणसाने उघडा पाडायचा, हे बुवाबाजीत कुठे घडतं?

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली, तेव्हा वाचकाला विज्ञानाची गोडी लावणं हे मोठं काम होतं. त्यांचे शास्त्रज्ञ बहुतेक सज्जन, आणि ते त्या कामाला शोभलंही. पुढच्यांनी तोच सज्जनपणा गिरवत बसायचं कारण नव्हतं, खलनायकाची सामग्री तर दारातच होती. नॉटिलसची गोष्ट छापायला सुरुवात झाली त्याच १८६९ साली खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आज पाषाणच्या परिसरात रसायनं, शस्त्रास्त्रं, स्फोटकं आणि विषाणू यांवर काम करणाऱ्या संस्था शेजारी-शेजारी आहेत. तिथे कुणी दुष्ट शास्त्रज्ञ आहे असं मुळीच म्हणायचं नाही. कादंबरीकाराला अंगण मिळालंय, एवढंच. इथल्या मोरोला बेट लागणार नाही. त्याला क्वार्टर असेल, मुलगी क्लासला जात असेल, समितीवर त्याचं नाव असेल आणि अहवालातला एक नकोसा आकडा तो परिशिष्टात ढकलेल. हाताखालची एक संशोधक सही करायला नकार देईल. हस्तलिखित वाचून प्रकाशक बहुतेक विचारेल, सगळं ठीक आहे हो, पण यात रोबो कुठेय?