बर्लिनच्या पोटातील एक खेडे

बर्लिनच्या वर्तुळाकार रेल्वेमार्गाला लागून दक्षिणेस नॉयकोल्न हे उपनगर आहे. दाटीने उभ्या भाड्याच्या इमारती, तुर्की भाजीवाले, अरबी दुकानांच्या पाट्या, असा त्याचा आजचा थाट. परंतु तेथील रिचर्डप्लाट्झ या चौकाजवळच्या गल्लीत वळले की एकाएकी बैठी घरे, कोठारे आणि परसबागा लागतात. हेच बोहेमियन खेडे होय. ज्यांचे पूर्वज गिरमिटावर कोकण सोडून मॉरिशसला गेले, त्या आपणांस त्याची कथा अगदीच परकी वाटू नये.

मूळ गाव रिक्सडॉर्फ. त्याची सनद 1360 सालची. बोहेमियात धर्मछळ सोसलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख विल्हेल्म याने 1737 मध्ये येथे घरे व जमिनी दिल्या. राजा काही केवळ दयाळू नव्हता. त्याला कष्टाळू हात हवे होते. हात तर मळेवाल्यांनाही हवेच होते. रिक्सडॉर्फकरांना मात्र जमीन मिळाली. आपल्या पूर्वजांच्या हाती करारनामा पडला.

या लोकांनी 1753 मध्ये शाळा बांधली. प्रार्थनेतील पेल्याचे चिन्ह मिरविणारी ती इमारत अद्याप उभी आहे. पुढे बर्लिन फुगत गेले. 1874 मध्ये जर्मन व बोहेमियन अशी दोन्ही गावे एक झाली आणि 1899 मध्ये त्यांना शहराचा दर्जा मिळाला. नाचघरे व गुत्ते यांमुळे रिक्सडॉर्फची इतकी बदनामी झाली की 1912 मध्ये तेथील धुरीणांनी गावाचे नावच पालटून नॉयकोल्न ठेवविले! त्याच वर्षी बोहेमियन वंशजांनी आश्रयदात्या राजाचा पुतळा कृतज्ञतेने उभारला. 1920 मध्ये हे शहर बर्लिनमध्ये विलीन झाले.

शिक्षकाचे मन मात्र तेथील दफनभूमीत अधिक रेंगाळते. जुन्या थडग्यांवरील लेख चेक भाषेत आहेत, नंतरचे जर्मन. शाळा होती, धर्म होता, शेजारही आपलाच होता; तरी घरची भाषा गेली. कोणी ती हिरावून घेतली नाही. आपल्याकडे आजोबा मराठीत विचारतात आणि नातू क्रिओलमध्ये उत्तर देतो, तेव्हा घडते ते हेच. बैठकीतील तास-दोन तासांनी त्याची भरपाई होते असे मला वाटत नाही.

या वस्तीला लागूनच कोमेनियस याच्या नावाची बाग 1995 पासून आहे. बोहेमियन बंधुसंघाचा हा धर्माध्यक्ष स्वतः निर्वासित होता, आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे असे त्याने सतराव्या शतकात आग्रहाने मांडले होते.

याच नॉयकोल्न जिल्ह्यात, ब्रिट्झ येथे, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांनी उभारलेल्या मुरुगन मंदिराची प्राणप्रतिष्ठा 2013 मध्ये झाली. त्या कुटुंबांची दुसरी पिढी जर्मन शाळांत शिकून मोठी झाली आहे.