पुढची खाच

जर्मनीची एमपी १८ ही सबमशीनगन १९१८ साली खंदकांत उतरली. ह्यूगो श्मायसरचा आराखडा, बर्गमनचा कारखाना. तिच्या साधेपणाची वाखाणणी आजवर चालू आहे, आणि ती रास्तही आहे. पण त्या साधेपणातली एक उणीव कुणी फारशी बोलून दाखवत नाही.

या बंदुकीत गोळी उडताना नळीचे मागचे तोंड कुलूपबंद नसते. ते धरून ठेवतो तो निव्वळ बोल्टचा जडपणा. चाप ओढला की मागे अडकवलेला बोल्ट स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो, मॅगझिनमधले काडतूस नळीत ढकलतो आणि तिथेच उडवतो. स्फोटाचा दाब रिकाम्या काडतुसासकट बोल्टला मागे रेटतो. पण जड बोल्ट हलायला क्षणभर लागतो, तेवढ्यात गोळी वीस सेंटिमीटरची नळी सोडून गेलेली असते. चाप दाबलेला असेल तोवर हे चालू राहते.

बोल्ट मागे असताना त्याचा दांडा अडकवायला मागच्या बाजूला एक खाच आहे. सुरक्षेची सोय म्हणून एवढीच. बोल्ट पुढे असताना त्याला अडवणारे काहीही नाही.

आणि खरा धोका तिथेच आहे. बोल्ट मागे असला की शिपाई जपून वागतो. तो पुढे असला की बंदूक निजलेली वाटते. अशी भरलेली बंदूक दस्त्यावर आपटली, तर बंदूक थांबते, जड बोल्ट मात्र थांबत नाही. तो काडतुसाच्या मागेपर्यंत सरकतो, पण चापाच्या अडणीत अडकण्याइतका मागे जात नाही. स्प्रिंग त्याला परत पुढे फेकते आणि गोळी सुटते. त्या वेळी नळीचे तोंड वर असते, म्हणजे बंदूक ज्याच्या हातून निसटली त्याच्याच दिशेने.

१९१८ मध्ये युद्धाची घाई होती, हे मान्य. पण वीस वर्षांनी, शांततेच्या काळात आलेल्या जर्मनीच्याच एमपी ३८ सबमशीनगनमध्येही हाच दोष होता. कारखाना निराळा, चूक तीच. आधी बोल्टचा दांडा पुढे बांधून ठेवायला कातडी पट्टा दिला गेला. मग दांडाच बदलला. तो आत दाबला की बोल्ट पुढच्या जागी जखडू लागला. ब्रिटिशांच्या स्टेन सबमशीनगनलाही पुढे हाच उपाय करावा लागला: नळकांड्याला दांड्याच्या विरुद्ध बाजूला एक भोक, दांडा त्यात ढकलायचा.

यासाठी नवे शास्त्र लागले नव्हते, महाग पोलादही नाही. मागची खाच कापणाऱ्या कारागिराला पुढची खाच १९१८ मध्येही कापता आली असती. ती कापली गेली नाही, कारण आराखड्यात समोरच्या शत्रूचा विचार होता आणि बंदूक खांद्याला अडकवून ट्रकमधून उडी मारणाऱ्या स्वतःच्या शिपायाचा नव्हता.