पाहणीला आलेल्या पोरांना खरं सांगा, पण आधी चार प्रश्न विचारा



दिवाळी सरली, की गावच्या एसटी थांब्यावर पाठीला पिशव्या अडकवलेली चार-पाच तरुण मुलं-मुली उतरतात. कुणाच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा, तर कुणाच्या हातात मोबाईल. "काका, पाच मिनिटं वेळ आहे का? आम्ही एमबीएला आहोत, सर्व्हे करतोय." आपण त्यांना बसायला घोंगडी टाकतो, चहा पाजतो आणि तोंडाला येईल ते सांगून मोकळे होतो. जमीन किती? "असंल तीन-चार एकर." उत्पन्न किती? "कशाचं उत्पन्न घेऊन बसलाय, सगळा तोटाच." पोरं लिहून घेतात, फोटो काढतात आणि चारच्या गाडीनं परत जातात. मागं पारावर हसण्याचा कार्यक्रम होतो.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ही मुले व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असतात. 'संशोधन पद्धती' हा त्यांचा एक विषय असतो. बाजारात काय खपेल, केंद्र कुठे काढावे, लोकांना किती परवडेल, हे अंदाजपंचे न ठरवता माहिती गोळा करून कसे ठरवावे, ते यात शिकवतात. उद्या हीच मुले बियाणे कंपनीत, दूध संघात, बँकेत आणि विमा कंपनीत टेबलामागे बसणार आहेत. आज ती ज्या मापाने मोजायला शिकतील, त्याच मापाने उद्या आपल्याला मोजतील. माप खोटे निघाले, तर मार कुणाला बसणार?

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशीच एक तुकडी माझ्या ताब्यात दिली होती. गावात दूध शीतकरण केंद्र चालेल का, याचा अभ्यास होता. चाळीस घरांचे फॉर्म भरायचे आणि हातात दोन दिवस. मी मुलांना डांबरी रस्त्याच्या कडेच्या बागायतदारांकडे फिरवले. चहाची सोय तिथे, गाडी उभी करायची सोय तिथे. माळावरच्या वस्तीवर गेलोच नाही. शेवटचे दहा-बारा फॉर्म तर देवळाच्या ओट्यावर बसून मीच तोंडी सांगितले. दिवस थंडीचे, म्हणजे दुधाचा पुष्टकाळ. तोच आकडा बारा महिन्यांनी गुणला. घरच्या चहाला आणि लेकराबाळांना लागणारे दूध वजा करायचे कुणाला सुचले नाही. केंद्र निघाले, तेही रस्त्याकडेला. उन्हाळ्यात जनावरे आटली. वस्तीवरच्या बायका डोक्यावर किटल्या घेऊन येईपर्यंत दूध नासू लागले. आठ महिन्यांत केंद्राला कुलूप लागले. ज्यांनी त्या भरवशावर कर्ज काढून म्हशी घेतल्या, त्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. त्या फॉर्मवरचे अक्षर मुलांचे होते, पण खोटेपणात माझा वाटा होता. आजही त्या वस्तीवर जाताना मान खाली जाते.

वास्तविक ही पद्धत आपल्याला नवी नाही. मातीचा नमुना कसा घ्यायचा, ते आम्ही तुम्हाला दरवर्षी सांगतो. बांधाजवळची, विहिरीजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा. सगळी माती एकत्र कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो राहीपर्यंत असेच करत जायचे. एका कोपऱ्यातली मूठभर माती पाठवली, तर प्रयोगशाळा तरी काय करील? ती त्या कोपऱ्याचाच अहवाल देणार. माणसांच्या पाहणीचेही तसेच आहे. पाटलाचा वाडा, दलित वस्ती, माळावरची वस्ती, भूमिहीन, विधवा बाई, दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा, या सगळ्यांची माती त्या पिशवीत आली पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडून सारखा शिजलेला असेल तरच.

आपल्याच मुलखात हे काम कुणी नीट केले, तेही माहीत असावे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि तो 1917 साली छापला. आज हे गाव पिंपरी-चिंचवड शहरात गडप झाले आहे. त्या वेळी मात्र जुनी दप्तरे काढून शेत न् शेत तपासले गेले. 1771 साली तिथे सरासरी धारणा 40 एकर होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे पडत आहेत हे सगळेच बोलत होते, या मंडळींनी ते मोजून दाखवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पिंपळे शहराला खेटून होते, म्हणून पुढचा अभ्यास शहरापासून दूर, कोरडवाहू जातेगाव बुद्रुकचा केला. तो 1921 साली आला. जवळच्या गावावरून लांबच्या गावाचा न्याय करायचा नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी पाळली. मला ती पाळता आली नाही.

दुसरे नाव पां. वा. सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस संख्याशास्त्रात जगभर गाजला. पीक कापणी प्रयोगात कापायचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिले. कारण काय? तुकड्याच्या कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली, की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा घोळ मोठा. आज पीक विम्याची भरपाई याच कापणी प्रयोगांवर ठरते. आकडा फुगला की भरपाई बुडाली. पद्धत हा कॉलेजातला कोरडा विषय नाही, तो आपल्या खिशाचा विषय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता शिकवणाऱ्या प्राध्यापक मंडळींना दोन शब्द. आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 1979 साली निघालेल्या इर्माने, विद्यार्थ्यांना खेड्यात मुक्कामाला पाठवण्याची रीत रुजवली. 2025 मध्ये तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना तेवढे जमले नाही, तरी दोन रात्री गावात राहता येते. प्रश्नावली शहरात छापून आणू नका. आधी पाच घरी विचारून बघा, मग दुरुस्त करा. "गावात शीतगृह हवे का?" असे विचारले तर हो कोण म्हणणार नाही? त्याऐवजी विचारा, की गेल्या हंगामात किती क्विंटल माल निघाला, कुठे विकला, किती फेकून दिला, आणि शीतगृहाला क्विंटलमागे किती भाडे द्याल. "वर्षाचा खर्च किती?" याला उत्तर नसते. नांगरटीला किती, बियाण्याला किती, खुरपणीला किती मजूर, असे एकेक विचारले की आठवते. एकर-गुंठ्यात विचारा, हेक्टरात नको. पोती सांगितली, तर पोते किती किलोचे ते विचारा. दूध बाई काढते, वैरण बाई घालते, तर दुधाचे प्रश्न तिलाच विचारा. आणि पेरणीच्या घाईत येऊ नका. वाफसा कुणासाठी थांबत नाही.

आता आपली बाजू. आपण खोटे का सांगतो? रेशनकार्ड जाईल, अनुदान थांबेल, बँकेला कळेल, भावकीला कळेल, ही भीती असते. कधी उलट, जास्त गरिबी सांगितली तर काही पदरात पडेल, ही आशा. भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यावर उपाय खोटे बोलणे नाही, तर आधी विचारून घेणे हा आहे. पाहणीला कुणी आले, की चार प्रश्न विचारा. कुठल्या कॉलेजचे, पत्र आहे का? माहिती कशासाठी, आणि खर्च कोण करतंय? माझे नाव छापणार का? निष्कर्ष गावाला कधी सांगणार? समाधान झाले तर खरे सांगा. एखादे उत्तर द्यायचे नसेल, तर "हे सांगणार नाही" असे सरळ म्हणा. कोऱ्या रकान्याने नुकसान होत नाही, खोट्या आकड्याने होते. आणि आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाईलवर आलेला ओटीपी कुणी मागितला, तर तो विद्यार्थी नव्हे. त्याला चहाही देऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक वही घालावी. कोण आले, कशासाठी आले, किती घरी आणि कुठल्या वस्तीवर गेले, ते त्यात लिहावे. अहवालाची एक मराठी प्रत मागावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. चूक असेल तर गावानेच सांगावे, "पोरांनो, हा आकडा आमचा नाही." याहून चांगली परीक्षा कुठले विद्यापीठ घेणार? आणि आम्ही खात्यातल्या लोकांनी मुलांना घेऊन फिरताना गाडी रस्त्यावर लावून माळावर चालत जावे. हे मी आधी स्वतःलाच बजावतो आहे.

ही मुले बहुतेक आपल्यासारख्यांचीच. कुणाचा बाप कोरडवाहू शेतकरी, कुणाची आई अंगणवाडीत. त्यांना हसून वाटेला लावले, तर ती आपल्याला न ओळखताच साहेब होतील. खरे सांगून शिकवले, तर उद्या टेबलाच्या पलीकडे आपल्याला ओळखणारे कुणीतरी बसलेले असेल. यंदा थांब्यावर ती उतरली, की घोंगडी टाका, चहा द्या आणि सगळ्यात आधी त्यांना माळावरच्या वस्तीची वाट दाखवा.