भाडेकरारात स्मोक अलार्मला जागा द्या

लीव्ह अँड लायसन्स कराराला घरातल्या वस्तूंची यादी जोडलेली असते. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गिझर कोणता, चाव्यांचे जोड किती. नळ गळला तर दुरुस्ती कोणाची आणि भिंतीला खिळे ठोकले तर डिपॉझिटमधून काय कापायचे, हेही ठरलेले असते. रात्री घरात आग लागली तर झोपलेल्यांना उठवणार कोण, याबद्दल मात्र करारात बहुधा अक्षरही नसते.

आगीत अनेकांचा जीव धुरानेच जातो. गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईल, याचा भरवसा नाही. एकेका फ्लॅटमध्ये पाच-सहा विद्यार्थी किंवा नोकरदार राहतात, कोणी हॉलमध्ये दारापाशीच झोपतो, ई-स्कूटरची बॅटरी घरातच रात्रभर चार्जिंगला असते. अशा ठिकाणी दोन-चार मिनिटे आधी मिळालेली सूचनाही जीव वाचवते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. तो मालक आणि भोगवटादार या दोघांनाही जबाबदार धरतो. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. पण सोसायटीच्या बैठकीत आगीपासूनच्या सुरक्षेची चर्चा पंप, हायड्रंट आणि जिन्यापाशी थांबते. फ्लॅटच्या दाराआत मालक म्हणतो, “राहतात ते, त्यांनी बघावे.” भाडेकरू म्हणतो, “अकरा महिन्यांनी सोडायचे घर, दुसऱ्याच्या छताला भोके मी कशाला पाडू?”

माझे मत स्पष्ट आहे. अलार्म मालकानेच बसवला पाहिजे. छत त्याचे, वायरिंग त्याचे आणि भाडेकरू बदलला तरी अलार्म त्याच्याच घरात राहणार. तो चालू आहे ना, हे मधूनमधून पाहणे हे राहणाऱ्याचे काम.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या प्रत्येक राहत्या मजल्यावर स्मोक अलार्म लावणे २०१५ पासून मालकांवर बंधनकारक आहे. भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी तो चालू असल्याची खात्री मालकाने करायची. बिघाड कळवल्यावर दुरुस्त करून किंवा बदलून देणेही ऑक्टोबर २०२२ पासून त्याच्याकडेच आले. टाळाटाळ केल्यास दंड ५,००० पौंडांपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०११ साली एका घराच्या आगीत ११ जण गेले आणि पुढे तिथला कायदा कडक झाला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे भाड्याच्या घरातल्या प्रत्येक बेडरूममध्ये अलार्म लागतो आणि एक वाजला की सगळे वाजतात. करार सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत तपासणी मालकाने करायची, त्यानंतर वर्षातून एकदा तरी भाडेकरूने. कामांची अशी वाटणी आपल्याकडेही सहज करता येईल.

अलार्म कुठे लावायचा, हेही महत्त्वाचे. फोडणीच्या किंवा धुपाच्या धुरात तो रोज वाजू लागला, तर कोणीतरी वैतागून सेल काढून ठेवणारच. म्हणून स्वयंपाकघर आणि देवघर टाळून तो बेडरूममध्ये आणि बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला लावावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्यामुळे गळतीचा सेन्सर वेगळा घ्यावा आणि जमिनीजवळ बसवावा. गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि स्मोक अलार्मला तो कळत नाही. भाड्याच्या घरात बंद बाथरूममध्ये असा गिझर असेल, तर मालकाने तो आधी बाहेर मोकळ्या हवेत हलवावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा मालकांनो, पुढच्या करारात या तीन ओळी घालाच: चालू स्थितीतला अलार्म मालक बसवून देईल आणि त्याची मुदत संपली की बदलेल. भाडेकरू दर महिन्याला बटण दाबून तो तपासेल आणि तो झाकणार किंवा काढणार नाही. बिघाड कळवल्यावर मालक आठ दिवसांत दुरुस्त करून देईल. भाडेकरूंनो, या ओळी नसतील तर सही करण्याआधी मागून घ्या.