पेटींतलें घड्याळ आणि मनगटावरचें घड्याळ

मनुष्यास एखादा नाद असावा, असें आमचें जुनें मत आहे. ज्यास कसलाच नाद नाहीं, तो फावल्या वेळीं शेजाऱ्याच्या भांडणांत लक्ष घालतो. परंतु नाद हा घरांतील पाहुण्यासारखा आहे. त्यानें ओसरीवर बसावें, पंक्तीस जेवावें. तिजोरीच्या किल्ल्या मागूं लागला म्हणजे मात्र त्यास निरोप द्यावा.

आज ज्या नादाविषयीं चार शब्द लिहावयाचे, तो जुन्या मनगटी घड्याळांचा. सुशिक्षित तरुणांत तो अलीकडे बराच पसरला आहे. असे दोन नादिष्ट भेटले कीं कुशल विचारण्यापूर्वीं एकमेकांच्या मनगटाकडे पाहतात आणि 'आज कोणतें?' असा प्रश्न करतात. यांतील पुष्कळांस दुसराहि एक नाद असतो, आणि तो बहुधा सायकलीचा. परभणीकडून आमच्या पोखर्णीस नृसिंहाच्या दर्शनाला सकाळीं सायकलवर येणाऱ्या मंडळींत एखाद्याच्या हातावर आजोबांच्या काळचें किल्लीचें घड्याळ दिसतें, आणि तें पाहून आम्हांस संतोष होतो. तें घड्याळ पेटींतून निघून मनगटावर आलें, हाच त्या संतोषाचा विषय आहे.

आपल्याकडे या नादाचें मुख्य दैवत म्हणजे एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगलोर येथें मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' हीं नांवें वडील मंडळींच्या तोंडीं अद्यापि आहेत. 'जनता' हें नांव देवनागरींत छापलेल्या तबकड्याहि निघाल्या होत्या, आणि संग्राहक त्यांचा विशेष शोध करतात. पुढें लहानशा विद्युत्-घटावर चालणारीं घड्याळें सर्वत्र झालीं, किल्ली देण्याचा खटाटोप संपला. आणि २०१६ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास संमति दिली. जी वस्तु दुकानांत मिळेनाशी होते ती अधिक प्रिय होते, हा मनुष्यस्वभावच आहे.

या यंत्रांत प्रीति जडावी असें कांहीं आहे काय? आमच्या मतें आहे. 'जनता' घड्याळाचें चक्र तासास १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदास पांच. अहोरात्रांत हे ठोके ४,३२,००० होतात. आणि कलियुगाचीं वर्षेंहि शास्त्रकारांनीं नेमकीं तितकींच सांगितलीं आहेत. हा केवळ योगायोग होय; परंतु मुलांस गुणाकार शिकवितांना मोठा उपयोगी पडतो. आमच्या ज्योतिषांत सहा प्राणांचें एक पळ, साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचें अहोरात्र. या हिशेबानें एक प्राण, म्हणजे स्वस्थ मनुष्याचा एक श्वासोच्छ्वास, चार सेकंदांचा ठरतो. तेवढ्या अवकाशांत हें घड्याळ वीस ठोके देतें.

वेळ मोजणाऱ्या यंत्रास मनुष्याची देखरेख लागते, हें पूर्वजांस उत्तम ठाऊक होतें. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणींत, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथांत, घटीयंत्राचा विचार आला आहे. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडावयाचें. तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली, म्हणजे आजचीं २४ मिनिटें. लग्नघरीं जोशीबुवा घंगाळांत हेंच पात्र सोडून मुहूर्ताची वाट पाहत. बुडालेलें पात्र कोणी उचलून पुन्हा न सोडलें तर काळ थांबत नाहीं; मोजणी तेवढी थांबते. किल्लीचें घड्याळ याच कुळांतलें आहे. एकदां पुरी किल्ली दिली कीं तें सुमारें दीड दिवस चालतें आणि मग मुकाट्यानें उभें राहतें. रोज कोणीतरी त्याची आठवण ठेवावी, एवढेंच त्याचें मागणें.

येथेंच संग्रह आणि संचय यांतील भेद पाहावयाचा. संग्रहांतील वस्तु मनुष्याच्या उपयोगी असते; संचयांत मनुष्य वस्तूंचा रखवालदार होतो. ज्याच्याजवळ वीस घड्याळें आहेत आणि जो तीं पाळीपाळीनें बांधतो, त्याच्या एकेका घड्याळाच्या वांट्यास वर्षांतून अठरा दिवस येतात. चाळीस झालीं कीं नऊ. पेटींत पडलेलें घड्याळ झिजत नाहीं म्हणून सुरक्षित राहतें, ही समजूतहि खरी नाहीं. आंतील तेल कालांतरानें घट्ट होतें, दमट हवेंत पोलादी भागांस गंज चढतो, आणि असें घड्याळ एकाएकीं चालवूं गेल्यास कोरडे आंस घासले जातात. यास्तव रोज ठरलेल्या वेळीं हलक्या हातानें किल्ली द्यावी, बोटांस अडथळा लागतांच थांबावें, पाण्यापासून जपावें, आणि चार-पांच वर्षांनीं जाणत्या कारागिराकडून उघडून साफ करवून घ्यावें. या नादानें जुन्या कारागिरांस चार कामें मिळालीं तर तें त्याचें पुण्यच समजावें. मात्र बाजारांत जुन्या यंत्रावर भडक रंगाची नवी तबकडी बसवून तें 'अस्सल जुनें' म्हणून विकतात, हें खरेदी करणारानें विसरूं नये. जें घड्याळ फारच नवें दिसतें, त्याच्या वयाविषयीं शंका घ्यावी.

सायकलीची कथा याहून वेगळी नाहीं. ती भिंतीस टेकून ठेवली कीं धावांचें रबर तडकतें आणि साखळी गंजते. ती चालविली तर यंत्र आणि स्वार दोघेहि नीट राहतात. फ्रान्सांतून आलेल्या 'ब्रेव्हे' नांवाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या महाराष्ट्रांतहि होतात. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० किलोमीटरांस वीस तास अशी मुदत असते, आणि वाटेंतील ठाण्यांवर वेळ नोंदवून घ्यावी लागते. विशेष हा कीं, यांत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतींत पोंचला तो यशस्वी. घड्याळ आणि सायकल यांची मैत्री याहून चांगली कोठें दिसणार? नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांचा संघ करून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. एक थकला कीं दुसऱ्यानें पुढें न्यावें, हा एकत्र कुटुंबाचा धडा त्यांनीं सातासमुद्रांपलीकडे गिरविला.

संग्रह कसा असावा याचा उत्तम दाखला पुण्यांत आहे. दिनकर केळकर हे चष्म्यांचें दुकान सांभाळीत, 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत, आणि १९२० च्या सुमारासपासून त्यांनीं दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें, भांडीं अशा नित्य व्यवहारांतील वस्तु जमविल्या. पत्नी कमलाबाई यांचें त्यांस साह्य होतें. बालपणींच निवर्तलेल्या राजा या पुत्राचें नांव त्यांनीं संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं तो सर्व महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शोकाचें रूपांतर दानांत झालें. ज्या संग्रहाचा शेवट देण्यांत होतो तोच धन्य.

आतां एक अप्रिय परंतु अवश्य गोष्ट. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत वरपक्षाच्या मागण्यांत घड्याळ, सायकल आणि रेडिओ हें त्रिकूट ठरलेलें असे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. देशी घड्याळें निघूं लागलीं तेंच वर्ष. कायदा पुस्तकांत राहिला आणि घड्याळ मांडवांत आलें. आज 'आजोबांचें' म्हणून जें घड्याळ आपण कौतुकानें मिरवितों, तें कित्येक घरांत आजीच्या वडिलांनीं ऋण काढून घेतलेलें असतें. आजोबांनीं तें जन्मभर वापरलें. ज्यानें फेडलें त्याचें नांवहि घरांत कोणास ठाऊक नसतें. तेव्हां तें मनगटावर बांधण्यापूर्वीं नातवानें आजीजवळ बसून विचारावें कीं, आजी, हें कोणीं घेतलें, कशाच्या पैशांनीं घेतलें? ती सांगेल तें निमूटपणें ऐकावें. आणि तिच्या मनांत असेल तर तें घड्याळ नातीच्या हातीं द्यावें. तिच्या पणजोबांचें ऋण त्यानें फिटणार नाहीं; परंतु घरानें तें जाणलें, एवढें तरी होईल.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं येत्या रविवारीं ती सर्वांसमक्ष उघडावी. प्रत्येक घड्याळास घरांतील एक धनी नेमून द्यावा. ज्यास रोज किल्ली देणारें कोणी नाहीं, तें एखाद्या होतकरू पुतण्या-भाच्यास द्यावें. आणि हप्त्यानें नवें आणण्याचा बेत असेल तर तो, घरांतील सर्व घड्याळें चालतीं होईपर्यंत, पुढें ढकलावा.