रक्तातला आकडा कुठला, हे आधी विचारा

जॉर्ज फ्लॉइडचा जीव पोलिसाच्या गुडघ्याने नाही, अमली पदार्थाने गेला, हा दावा अजून संपलेला नाही. 2025 मध्ये डेरेक चॉविनला माफी द्या अशी मागणी अमेरिकेत उठली, तेव्हाही तो पुढे आला. आधार एकच : फ्लॉइडच्या रक्तात फेंटानिल सापडले, 11 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एवढ्यावर माणसे मरतात, असे सांगितले जाते.

मरतात, हे खरे. पण ते आकडे बहुतेक मृतदेहांतून काढलेल्या रक्ताचे असतात आणि मृतदेहातले रक्त स्थिर नसते. हृदय थांबले की पेशी फुटू लागतात, रक्त आम्लधर्मी होते. यकृत, फुप्फुसे आणि हृदयाच्या स्नायूंत साठलेले औषध सुटून आजूबाजूच्या रक्तात उतरते. याला पोस्टमॉर्टम रिडिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्यामुळे एकाच देहात हृदयातल्या रक्तात एक आकडा मिळतो, मांडीच्या शिरेत दुसरा. डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधात किंवा अमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या औषधात हा फरक कित्येक पटींचा असू शकतो. म्हणून जाणकार मांडीचे रक्त मागतात, तेही लवकर घेतलेले. फेंटानिलही असेच सरकणारे औषध आहे.

फ्लॉइडचे रक्त मात्र रुग्णालयात, मृत्यू घोषित होण्याआधी घेतलेले होते. मृतदेहांच्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना होत नाही, ना पोलिसाच्या बाजूने ना फ्लॉइडच्या. म्हणूनच 2021 च्या खटल्यात खरा मुद्दा दुसरा ठरला. शरीर फेंटानिल पचवते तेव्हा नॉरफेंटानिल तयार होते. त्याला वेळ लागतो आणि जिवंत यकृत लागते. झटक्यात मरणाऱ्याच्या रक्तात ते फार कमी सापडते. फ्लॉइडच्या रक्तात ते 5.6 होते. शिवाय, यापेक्षा जास्त फेंटानिल असूनही गाडी चालवताना पकडलेले जिवंत लोक आहेत, हे प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाने न्यायालयात सांगितले. नियमित घेणाऱ्याचे शरीर सरावते. शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मृत्यूचा प्रकार मनुष्यवध असाच नोंदवला आणि फेंटानिलची नोंद केवळ इतर बाबींत केली. ज्युरीने चॉविनला तिन्ही आरोपांत दोषी धरले.

आपल्याकडे असा आकडा सहसा दारूचा असतो. 'प्यायलेला होता' एवढ्या दोन शब्दांत गरिबाच्या मृत्यूची फाइल मिटते. देह कुजू लागला की जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करतात, नमुन्याच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल तर बाटलीतही. डोळ्यातला द्रव आणि लघवी तपासली तर दारू पिण्याची होती की कुजण्यातून आली, याचा अंदाज येतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी अहवालातला टक्का वाचण्याआधी रक्त कुठल्या जागेचे, मृत्यूनंतर किती तासांनी घेतले, बाटलीत काय होते हे लेखी विचारावे. कोठडीतला मृत्यू असेल तर तो 24 तासांत कळवण्याचे आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याचे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे निर्देश 1990 च्या दशकापासून आहेत. ते चित्रीकरण मागावे; रक्त कुठून काढले हे त्यात दिसू शकते.

हे हत्यार सरसकट चालवू नये. औषधाने किंवा विषाने मृत्यू होतातच, आणि मांडीच्या रक्तासोबत यकृतातला आकडाही जुळत असेल तर तो मान्य करावा लागतो. व्हिसेरा महिनोन्महिने प्रयोगशाळेत पडून राहतो, तोवर घरच्यांनी प्रश्नांची यादी तयार ठेवलेली बरी.