घोषणा येतात, नकाशा वाचता येतो का?

१ नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो. तो पाळायचाच. पण सुदानच्या अबेई सीमावादाचा अभ्यास करताना मला आपली उणीव कळली. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात २२ जुलै २००९ रोजी त्याचा निवाडा झाला. १९०५ साली कोर्दोफानला जोडलेल्या न्गोक डिंकांच्या नऊ सरदारक्यांची हद्द कुठवर, हा प्रश्न होता. जुने अहवाल, नकाशे, साक्षी तपासून रेषा ठरली. आणि रेषेपलीकडे गुरं चारायचा मिसेरियांचा हक्कही कायम राहिला. तंटा अजून मिटला नाही, हेही खरं.

आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो हेगला जाणार नाही. पण लागणारी कौशल्यं तीच: दप्तर वाचणं, नेमका मसुदा लिहिणं, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत ऐकणं. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ दोघांना तोडग्यापर्यंत नेतो. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी आपल्या कानावर लहानपणापासून आहेत. ही पुंजी वाया घालवू नका. काहीही शिका, पण एक तरी निवाडा मुळातून वाचा. रेषा कुठेही पडो, तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे हक्क मांडणारा आपल्यातलाच कुणी हवा.